लांबी यूएसबीला द्या, प्रोग्रामिंगची तार आखूड ठेवा

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या दवाखान्यांच्या, कोचिंग क्लासच्या आणि दुकानांच्या पाट्यांवर हल्ली सरकत्या अक्षरांचे एलईडी बोर्ड दिसतात. बोर्ड शटरच्या वर, जमिनीपासून दहा-बारा फुटांवर. आतल्या चिपमध्ये नवा प्रोग्राम भरायचा, तर लॅपटॉप घेऊन शिडीवर कोण उभे राहणार? मग लॅपटॉप खाली काउंटरवर राहतो, चिपमध्ये प्रोग्राम भरणारे उपकरण, म्हणजे प्रोग्रामर, त्याला लागतो आणि तिथून वरपर्यंत जंपर वायरला जंपर वायर जोडत दोन-तीन मीटरची माळ तयार होते. संगणक सांगतो, चिप सापडत नाही. मग चिप बदलून पाहिली जाते, ड्रायव्हर पुन्हा टाकला जातो, दुसरा प्रोग्रामर मागवला जातो. तारेवर मात्र कुणाचा संशय जात नाही, कारण मल्टिमीटर लावला की बझर छान वाजतो.

बझर वाजला म्हणजे तार तुटलेली नाही, एवढेच कळते. त्या तारेतून शून्य आणि एक शाबूत पोहोचतात की नाही, हे बझर सांगू शकत नाही. गोकलपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा डुमना भागातल्या ट्रिपल आयटीत शिकणारी मुले, जयंती कॉम्प्लेक्समध्ये लॅपटॉप दुरुस्त करणारे कारागीर आणि घरी टेबलावर आर्डुइनो घेऊन बसणारे हौशी लोक या सगळ्यांना एकच नियम सांगायचा आहे. लांबी हवीच असेल, तर ती लॅपटॉप आणि प्रोग्रामर यांच्यामधल्या यूएसबी केबलला द्यावी. प्रोग्रामर आणि चिप यांच्यामधली तार १५ ते २० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. हे का, आणि नाइलाजाने लांब तार वापरावीच लागली तर काय करावे, ते आता सविस्तर पाहू.

पुष्कळांचा समज असा असतो की क्लॉक सावकाश चालवले की तार कितीही लांब चालते. हे अर्धेच खरे आहे. तारेला तुमचा क्लॉक सेकंदाला किती वेळा बदलतो यापेक्षा, एकदा बदलताना तो शून्यावरून वर किती झपाट्याने चढतो, याचा त्रास जास्त होतो. या चढाला ‘एज’ म्हणतात. आजकालच्या चिपचा एज साधारण दोन नॅनोसेकंदांत पूर्ण होतो. क्लॉक १०० किलोहर्ट्झचा असो की १० मेगाहर्ट्झचा, एज तेवढाच तीव्र राहतो. साध्या केबलमधून सिग्नल एका नॅनोसेकंदात सुमारे २० सेंटिमीटर जातो, म्हणजे दोन नॅनोसेकंदांचा एज तारेवर सुमारे ४० सेंटिमीटर जागा व्यापतो. तार त्याच्या सहाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे साडेसहा-सात सेंटिमीटरपेक्षा लांब झाली की ती निव्वळ जोडणी राहत नाही आणि लाटेसारखे वागू लागते. सिग्नलचा जाऊन-येऊन वेळ एजइतका झाला, म्हणजे २० सेंटिमीटरच्या आसपास, की हे वागणे ठळकपणे दिसते. १५-२० सेंटिमीटरचा नियम इथून आला आहे.

कपडे वाळत घालायच्या दोरीला एका टोकाने झटका दिला, तर तो पलीकडच्या खिळ्यापर्यंत जातो आणि उलटून परत येतो. तारेतही तसेच घडते. चिपची इनपुट पिन फारसा विद्युत्प्रवाह घेत नाही, त्यामुळे तिथे पोहोचलेला झटका परत फिरतो. एक मीटर तारेचा हिशोब मांडू. प्रोग्रामरच्या पिनचा आतला रोध २५ ओहम आणि रिबन केबलची इम्पिडन्स सुमारे १०० ओहम धरा. ३.३ व्होल्टपैकी २.६४ व्होल्ट तारेत शिरतात. पलीकडे पोहोचून परत फिरताना ते दुप्पट होतात, म्हणजे चिपच्या पिनवर ५.२८ व्होल्ट. परत आलेली लाट प्रोग्रामरवर आदळून उलटी होते आणि सुमारे दहा नॅनोसेकंदांनी चिपकडे व्होल्टेज २.११ वर घसरते. त्यानंतर पुन्हा ४ च्या घरात, मग २.९ च्या आसपास, आणि असे हेलकावे खात ते शांत होते. प्रत्यक्षात चिपमधले क्लॅम्प डायोड वरचे टोक बरेच छाटतात, पण खालची घसरण उरतेच. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या पुष्कळशा चिप २.३१ व्होल्टच्या वरच्या पातळीलाच खात्रीने ‘एक’ मानतात. २.११ व्होल्ट दिसल्यावर चिप काय समजेल, याची हमी कोणी देत नाही. क्लॉकच्या तारेवर असे घडले की एका टिकच्या दोन टिक मोजल्या जाऊ शकतात आणि त्यापुढचा प्रत्येक बिट एक घर सरकतो.

जबलपूरला तारेचा हा स्वभाव नवा नसावा. या शहरात सैन्याचे सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे, राइट टाउनची टेलिकॉम फॅक्टरी आहे, १९४२ मध्ये सुरू झालेले आणि आज डॉ. आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाणारे रिज रोडवरचे टेलिकॉम प्रशिक्षण केंद्र आहे, आणि १९४७ पासूनचे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. लांब तारेतून खूण शाबूत कशी पोहोचवायची, हा प्रश्न इथल्या कितीतरी घरांत पोटापाण्याचा होता. त्या विद्येचा पहिला मोठा धडा १८५८ च्या अटलांटिक केबलने दिला. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे १६ तास लागले. केबलचे विद्युततज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी जोर वाढवायचा म्हणून तिच्यावर सुमारे २,००० व्होल्ट लावले आणि काही आठवड्यांत केबल कायमची बंद पडली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, आधीपासून सांगत होते की दोष जोराच्या कमतरतेचा नसून लांबीसोबत वाढणाऱ्या रोधाचा आणि धारितेचा आहे. त्यांनी पलीकडे आरशाचा अतिसंवेदनशील गॅल्व्हानोमीटर लावून क्षीण सिग्नल वाचला.

आपल्या टेबलावरही जोर वाढवण्याचा मोह होतोच. एसटीएम३२ किंवा पिको वापरून प्रोग्रामर स्वतः बनवला असेल, तर सेटिंगमध्ये पिनची ड्राइव्ह स्ट्रेंग्थ किंवा स्पीड ‘व्हेरी हाय’ करून पाहिली जाते. त्याने एज आणखी तीव्र होतो आणि हेलकावे वाढतात. तार लांब असेल तर सेटिंग उलट दिशेला न्या. पिकोच्या आरपी२०४० चिपमध्ये पिनचा स्लू रेट मुळातच ‘स्लो’ असतो. त्याला हात लावू नका.

आता ग्राउंडकडे वळू, कारण माझ्या मते निम्मे घोटाळे इथेच होतात. सिग्नल जाताना एका तारेने जातो आणि परत ग्राउंडच्या तारेने येतो. या दोन तारा जितक्या चिकटून असतील, तितका बाहेरचा गोंगाट कमी शिरतो. एव्हीआर चिपचा दहा पिनांचा प्रोग्रामिंग कनेक्टर हाती घेऊन पाहा. पिन १ वर एमओएसआय म्हणजे चिपकडे जाणारा डेटा, ५ वर रिसेट, ७ वर एससीके म्हणजे क्लॉक, ९ वर एमआयएसओ म्हणजे चिपकडून येणारा डेटा. पिन ६, ८ आणि १० ग्राउंड. आपल्याकडे ज्याला एफआरसी केबल म्हणतात, त्या चपट्या रिबनमध्ये तारा पिनांच्या क्रमानेच शेजारी-शेजारी बसतात. म्हणजे क्लॉकची सातवी तार बरोबर सहाव्या आणि आठव्या ग्राउंडच्या मध्ये येते आणि एमआयएसओची नववी तार आठव्या व दहाव्या ग्राउंडच्या मध्ये. हा योगायोग नाही, कनेक्टर आखणाऱ्याने हे विचारपूर्वक केले आहे. एआरएमच्या २० पिनांच्या जेटॅग कनेक्टरमध्ये पिन ४ पासून २० पर्यंतच्या सगळ्या सम पिना ग्राउंड असतात, तेही याच कारणाने. पुष्कळजण त्यांतली एकच ग्राउंड जोडतात आणि बाकीच्या फुकट म्हणून सोडून देतात. त्या फुकट नाहीत.

सहा पिनांचा छोटा कनेक्टर सोयीचा आहे खरा, पण त्यात क्लॉकच्या एका बाजूला व्हीसीसी आणि दुसऱ्या बाजूला एमओएसआय येते, ग्राउंड पार कडेला. व्हीसीसीची तार, बोर्डावर चिपजवळ १०० नॅनोफॅरडचे कॅपॅसिटर असेल तर, थोडेफार ग्राउंडचे काम करते. एमओएसआय मात्र बदलली की तिचा धक्का शेजारच्या क्लॉकला बसतो. म्हणून सहा पिनांची रिबन जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवावी. सुट्या जंपर वायरचे तर याहून वाईट. पाच-सहा तारा वाटेल तशा पसरलेल्या, ग्राउंड एकटीच टेबलाच्या दुसऱ्या कडेने गेलेली, आणि टोकाच्या पिनची पकड सैल. ३० सेंटिमीटरच्या अशा माळेपेक्षा ६० सेंटिमीटरची नीट एफआरसी चांगली चालते.

लांब तारेशिवाय गत्यंतरच नसेल, तर घरात पडलेला जुना नेटवर्क केबलचा तुकडा उपयोगी येतो. कॅट-५ मध्ये पीळ दिलेल्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची इम्पिडन्स १०० ओहम. पहिल्या जोडीत क्लॉक आणि ग्राउंड, दुसरीत एमओएसआय आणि ग्राउंड, तिसरीत एमआयएसओ आणि ग्राउंड, चौथीत रिसेट आणि व्हीसीसी. प्रत्येक ग्राउंड दोन्ही टोकांना जोडा. एका जोडीत दोन सिग्नल टाकून तारा वाचवू नका. पिळामुळे ते दोन्ही एकमेकांवर उमटतील. एसटीएम३२ सारख्या चिपच्या एसडब्ल्यूडी या दोन तारांच्या पद्धतीसाठी दोन जोड्या सिग्नलला पुरतात. तिसरी रिसेट आणि ग्राउंडला द्या, आणि चौथीत ग्राउंडसोबत बोर्डाचे संदर्भ व्होल्टेज, व्हीटीरेफ, न्यायला विसरू नका.

दुसरा उपाय दोन-तीन रुपयांचा, म्हणजे सिरीज रेझिस्टर. वरच्या हिशोबात २५ ओहमच्या पिनसमोर ७५ ओहम ठेवला तर एकूण १०० होतो. मग तारेत निम्मे, १.६५ व्होल्ट जातात, पलीकडे दुप्पट होऊन नेमके ३.३ होतात आणि परतणारी लाट प्रोग्रामरकडे विरून जाते. प्रत्यक्षात ४७ किंवा ६८ ओहम लावून पाहा. हा रेझिस्टर सिग्नल जिथून निघतो तिथे, त्या पिनच्या अगदी जवळ बसवायचा असतो. म्हणजे क्लॉक आणि एमओएसआयसाठी प्रोग्रामरकडे, एमआयएसओसाठी चिपकडे. उलट्या टोकाला लावला तर त्याचा गुण येत नाही. एसडब्ल्यूडीची डेटालाइन दोन्ही दिशांनी बोलते, तिथे दोन्ही टोकांना २२ ते ३३ ओहमचा एकेक पुरतो.

वेग कमी करण्याचा उपाय निरुपयोगी नाही, त्याची हद्द माहीत असावी इतकेच. डेटा वेळेवर स्थिर होत नसेल, केबलची धारिता जास्त असेल, तर वेग कमी केल्याने फायदा होतो. हेलकावे, सैल ग्राउंड किंवा अपुरा वीजपुरवठा असेल, तर होत नाही. त्यामुळे वेग कमी करणे हे निदानाचे उत्तम साधन आहे. वेग दहापट कमी केल्यावर काम झाले, तर दोष वेळेचा. तरीही तीच रड असेल, तर ग्राउंड, जोडणी आणि वीज तपासा. ओपनओसीडी या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅडाप्टर स्पीड ४८० किंवा २४० किलोहर्ट्झवर आणून पाहा. एव्हीआरड्यूडमध्ये ‘-बी १०’ दिले की एका बिटला १० मायक्रोसेकंद मिळतात, म्हणजे सुमारे १०० किलोहर्ट्झ.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिच्यामुळे निर्दोष केबलवर आळ येतो. कोरी एटीमेगा३२८पी कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर चालणारी येते, आणि प्रोग्रामिंगचा क्लॉक चिपच्या वेगाच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या आत असावा लागतो. यूएसबीएएसपी या प्रोग्रामरचा मूळ वेग ३७५ किलोहर्ट्झ. साहजिकच नवी चिप उत्तर देत नाही. त्या बोर्डावरचा स्लो एससीकेचा जंपर लावला की वेग सुमारे ८ किलोहर्ट्झवर उतरतो आणि चिप ओळखली जाते. एकंदरीत एव्हीआर त्या मानाने सोशिक. ती क्लॉकची तार स्वतःच्या घड्याळाने तपासते. जेटॅग, एसडब्ल्यूडी आणि एसपीआय फ्लॅशमध्ये क्लॉकचा एज थेट आतल्या रजिस्टरला लागतो, म्हणून तिथे काटेकोर राहा.

ईएसपी३२ किंवा आर्डुइनो सिरियल पोर्टवरून भरणाऱ्यांनी लांबीचा फार धसका घेऊ नये. १,१५,२०० बॉडला एक बिट ८.७ मायक्रोसेकंद टिकतो आणि त्याचे वाचन मधोमध होते; तोपर्यंत एक मीटर तारेतले हेलकावे केव्हाच थांबलेले असतात. ९,२१,६०० ला बिट जेमतेम १.१ मायक्रोसेकंदाचा राहतो, तिथे लांब तार असेल तर बॉड खाली आणा. ईएसपी३२ चा खरा त्रास विजेचा असतो. स्वस्त यूएसबी केबलमधल्या २८ गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. दोन मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन चार मीटर, म्हणजे ०.८५ ओहमच्या आसपास. वाय-फाय सुरू होताना अर्ध्या अँपिअरचा झटका बसला की ०.४ व्होल्टहून जास्त वाटेतच खर्ची पडतात आणि बोर्ड ब्राउनआउटची तक्रार करत पुन्हा-पुन्हा सुरू होतो. केबल घेताना पॉवरच्या तारा २४ गेजच्या किंवा त्याहून जाड आहेत का, ते विचारा. ती फक्त चार्जिंगची नाही ना, हेही दुकानातच मोबाइल लावून बघा.

यूएसबीला लांबी देण्यात धोका कमी का? तिथे पीळ दिलेल्या जोडीतून एकमेकांविरुद्ध दोन सिग्नल जातात, इम्पिडन्स ९० ओहम ठरलेली असते, आणि बिघडलेले पॅकेट पुन्हा मागवले जाते. एसपीआय किंवा एसडब्ल्यूडीच्या तारेत यातले बहुतेक काही नाही. साधारण प्रोग्रामरसाठी यूएसबी ५ मीटरपर्यंत चालते. यूएसबीएएसपी मात्र लो-स्पीड यूएसबीवर चालतो, त्याला ३ मीटरची मर्यादा पाळा. म्हणजे उंचावरच्या बोर्डासाठी यूएसबी केबल वरपर्यंत न्यायची, प्रोग्रामर बोर्डाशेजारी टायने बांधायचा आणि पुढे बोटभर एफआरसी. वारंवार प्रोग्राम बदलावा लागणार असेल, तर चिपमध्ये बूटलोडर टाकून आरएस-४८५ ची जोडी खाली आणून ठेवा. कमी वेगाला ती १,२०० मीटरपर्यंत जाते, तिला दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लागतो.

लॅपटॉपची बायोस चिप क्लिप लावून वाचणाऱ्यांसाठी वेगळे दोन शब्द. सीएच३४१ए प्रोग्रामरसोबत येणारी क्लिप आणि तिची रिबन हाच तिथला कच्चा दुवा. चिप मदरबोर्डवरच असल्याने प्रोग्रामरचे ३.३ व्होल्ट बाकीच्या सर्किटमध्येही वाहून जातात, त्यात रिबन लांब असेल तर चिपपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नाही. चिप एकदा वाचून लगेच पुसायची घाई कधीही करू नका. दोनदा, तीनदा वाचा, फाइली ताडून पाहा आणि तिन्ही तंतोतंत सारख्या असतील तरच पुढे जा. एका बिटचा जरी फरक आला, तरी क्लिप काढून पिना आयसोप्रोपिलने पुसा, रिबन आखूड करा. काळ्या रंगाच्या सीएच३४१ए बोर्डांपैकी अनेकांच्या डेटालाइनवर ५ व्होल्ट येतात. चिपला नुसते ३.३ व्होल्ट मिळाले म्हणून निश्चिंत राहू नका. डेटालाइन मल्टिमीटरने मोजा.

यापुढचा मुद्दा जिवाचा आहे. वॉशिंग मशीन, एलईडी ड्रायव्हर, वीजमीटर अशा कित्येक उपकरणांच्या बोर्डाला ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांचे ग्राउंड थेट घरच्या २३० व्होल्टच्या लाइनशी जोडलेले असते. असा बोर्ड भिंतीच्या सॉकेटवर चालू ठेवून प्रोग्रामर लावला, तर लॅपटॉप जळेल आणि हात लावणाऱ्याला झटका बसेल. मेनचा प्लग काढा, मोठ्या कॅपॅसिटरवरचे व्होल्टेज मोजून ते उतरल्याची खात्री करा, आणि बोर्डाला वेगळ्या, आयसोलेटेड पुरवठ्यावरून ५ किंवा ३.३ व्होल्ट द्या. दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपची बॉडी सौम्य झिणझिण्या देते, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. तीच गळती प्रोग्रामिंगच्या ग्राउंडमधूनही वाहते. काम करताना चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. जोडताना आधी ग्राउंड लावा, सोडवताना ते शेवटी काढा.

ऑसिलोस्कोप ज्यांच्याकडे आहे, त्यांनी प्रोब चिपच्या पिनवर लावावा, कारण प्रोग्रामरकडच्या टोकाला सिग्नल अनेकदा चांगला दिसतो. आणि प्रोबची लांब मगर-क्लिपवाली ग्राउंड वायर काढून टोकाची छोटी स्प्रिंग वापरावी. नाहीतर त्या वायरमुळे निर्माण झालेले हेलकावे बघून तारेला दोष दिला जातो. स्कोप नसेल तरी अडत नाही. चिपची सही सलग वीस वेळा वाचा. एटीमेगा३२८पी असेल तर प्रत्येक वेळी १ई ९५ ०एफ आलेच पाहिजे, एसटीएम३२एफ१०३ च्या एसडब्ल्यूडीवर १बीए०१४७७. वीसपैकी एकदा जरी वेगळे आले, तरी ती जोडणी लिहिण्याच्या लायकीची नाही. नेहमी शून्येच येत असतील तर लांबीपेक्षा वीज, रिसेट किंवा चुकीच्या पिनेचा संशय घ्या.

प्रोग्राम चुकला तर पुन्हा भरता येतो, फ्यूज बिट चुकले तर चिप हातची जाऊ शकते. एव्हीआरमध्ये रिसेटची पिन बंद करणारा बिट चुकून लिहिला गेला, तर साध्या प्रोग्रामरने ती चिप पुन्हा उघडत नाही, हाय-व्होल्टेज प्रोग्रामर शोधावा लागतो. म्हणून फ्यूज आणि लॉक बिट लिहिताना बोर्ड खाली उतरवून टेबलावर घ्या, १५ सेंटिमीटरची केबल लावा, वेग कमी ठेवा, आणि लिहिलेले परत वाचून पाहिल्याशिवाय वीज बंद करू नका.